फिलिपिनो आजोळ शोधताना ‘फॅमिलीसर्च’ कितपत कामाला येतं

बाप परभणीचा, आई फिलिपिन्सची. ओळख आखातातल्या दवाखान्यात नाहीतर बोटीवरच्या नोकरीत झालेली. अशी घरं मराठवाड्यात थोडी आहेत, पण आहेत. त्या घरातल्या लेकरांना आजोळाबद्दल पहिला प्रश्न पडतो तो आडनावावरून. आईचं माहेरचं आडनाव रेयेस, सांतोस, नाहीतर गार्सिया. मग आजोळची माणसं स्पॅनिश का? नातेवाईक वेगळंच विचारतात: डोळे चिनी कसे? या प्रश्नांची उत्तरं कागदावरून शोधायची तर घरबसल्या मिळणारं सगळ्यात मोठं फुकट साधन म्हणजे फॅमिलीसर्च. हे परीक्षण फक्त तेवढ्याच कामापुरतं आहे: फिलिपिनो घराण्यातलं मिश्र मूळ या संकेतस्थळावर कितपत उलगडतं, आणि शोधताना कुठे पाय घसरतो.

मत आधीच सांगतो. कागदांचा साठा अफाट, त्याला पाचपैकी पाच. शोधपेटीला तीन. शोधपेटीत नाव घालून आलेल्या यादीवर जो विसंबेल त्याला आजोबा-पणजोबांची नावं मिळतील, पण ते कोण होते हे कळणार नाही. ती माहिती यादीत नसते, पानावर असते.

मराठवाड्याला यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि खासरा पत्रक, मोडीतली नोंद, निजामकाळातलं दफ्तर हे शब्द घराघरात गेले. जुन्या कागदावर माणसाच्या नावापुढे काय लिहिलंय, कोणी लिहिलंय आणि कशासाठी लिहिलंय, या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात, हे इथल्या शेतकऱ्यालाही पाठ झालंय. फिलिपिन्सच्या नोंदी वाचताना हीच नजर लागते.

फॅमिलीसर्च चालवतं अमेरिकेतलं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. या चर्चची वंशावळ संस्था १८९४ ची. १९३८ पासून त्यांनी जगभरातल्या नोंदवह्यांची सूक्ष्मचित्रं काढली आणि २०२१ मध्ये अशी सुमारे २४ लाख रिळं संगणकावर आणून पूर्ण केली. खातं फुकट, वर्गणी नाही. फिलिपिन्सपुरते मोठे संच असे: १९४५ ते १९९६ ची राष्ट्रीय नागरी नोंदणी, १८८८ ते १९८३ ची गावोगावची नोंदणी, १८९९ ते १९८४ ची मनिलाची, आणि शिवाय कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या वह्या. ही सालं संचाची दोन टोकं आहेत. प्रत्येक गावाची वही त्या सगळ्या काळाची असेल असं नाही.

सुरुवात संगणकापासून करू नका, आजीला व्हिडिओ कॉल लावून करा. तिला तीन गोष्टी विचारा: नगरपालिकेचं नाव आणि प्रांत, गावची फिएस्ता, म्हणजे जत्रा, कोणत्या संताची, आणि घरातल्या लग्न-बाप्तिस्म्याला पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, कोण होते. फिएस्ता कळली की बहुधा चर्च कळतं. पाद्रिनोचं काम पुढे येईल.

मग नाव. इथेच निम्मी मराठी घरं चुकतात, कारण मधलं नाव आपल्याकडे बापाचं असतं. फिलिपिन्समध्ये मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव येतं. समजा मुलगी मारिया सांतोस रेयेस आहे. रेयेस बापाचं आडनाव, सांतोस आईच्या माहेरचं. तिने पाटलांच्या घरात लग्न केलं की ती मारिया रेयेस पाटील होते, सांतोस गळून पडतं. भारतातल्या कागदावर हे नाव बघून शोधपेटीत आडनाव ‘पाटील’ आणि बापाच्या नावाच्या जागी ‘रेयेस’ घातलं तर काहीही सापडणार नाही. बरोबर भरणी अशी: नाव मारिया, आडनाव रेयेस, आईचं आडनाव सांतोस, नवऱ्याचा रकाना कोरा. स्पॅनिश काळातल्या वहीत क्रम उलटा असतो. तिथे आधी बापाचं आडनाव, मग ‘इ’ म्हणजे ‘आणि’ हा जोडशब्द, मग आईचं: मारिया रेयेस इ सांतोस. नातीच्या नावातला क्रम धरून पणजीला शोधलं की माणसं आईच्या कुळात भरकटतात आणि दोन पिढ्या भलत्याच घराच्या लागतात.

अक्षरलेखनाचा घोळ वेगळा. स्पॅनिश उच्चारात बी आणि व्ही एकच, एक्स आणि जे अदलाबदलीचे, सी, एस आणि झेडचीही तीच गत. म्हणून जिथे शंका आहे तिथे एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आणि अनेक अक्षरांसाठी तारांकन टाका, संकेतस्थळ ते मानतं. मारियाचं बहुतेक ठिकाणी नुसतं ‘एम ए’ आणि पुढे टिंब असतं. तेही घालून बघा.

आता जागा. प्रांतांच्या सीमा हलल्या आहेत. रिझाल प्रांत १९०१ साली झाला, त्यामुळे आज रिझालमध्ये असलेल्या कायंता गावाचा १८८० चा कागद स्वतःला त्या प्रांतातला म्हणवत नाही. आपल्याकडे लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघालं, जालना १९८१ साली औरंगाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. जुना सातबारा शोधताना आपण आधीचा जिल्हा आठवतो, तसंच. संकेतस्थळाच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे ठिकाणवार वह्यांच्या यादीत, आजच्या नावाने शोधा आणि पान वाचताना त्या काळचं नाव ध्यानात ठेवा.

शोधपेटी संपली की खरं काम कॅटलॉगमध्ये. ठिकाण निवडा, चर्चच्या नोंदी उघडा, रिळाच्या ओळीपुढे कॅमेऱ्याचं चित्र असेल तर पानं घरून दिसतात. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर त्या पानांवर बंधन आहे; काही फक्त फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा जोडलेल्या ग्रंथालयात दिसतात. संकेतस्थळावर केंद्रांचा नकाशा आहे. आधी फोन करून वेळ विचारा, मगच गाडीचं तिकीट काढा.

एका रिळात शेकडो पानं असतात. पहिल्यापासून उलटत बसू नका. मधल्या पानावर उडी मारा, साल बघा, मग अर्ध्याच्या अर्ध्यावर या. सात-आठ उड्यांत साल सापडतं. वहीच्या सुरुवातीला किंवा शेवटी पाद्रीने केलेली सूची असेल तर ती अनेकदा आडनावाने नसून पाळण्यातल्या नावाने लावलेली असते. ‘रेयेस’ शोधाल तर ती सूची निरुपयोगी वाटेल, ‘मारिया’ शोधाल तर पानाचा आकडा मिळेल.

आणि आता पान. साधारण १८७० च्या आसपासच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची घडण ठरलेली असते. तारीख, पाद्रीचं नाव, ‘विधिवत बाप्तिस्मा दिला’, मूल इतक्या दिवसांचं, मग ‘इहो लेहीतिमो दे’ म्हणजे अमक्या-तमक्याचा औरस मुलगा, मग आईबापांची नावं, त्यांच्यापुढे एक-दोन शब्द, बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रमुखाचं नाव, शेवटी पाद्रिनो. ‘इहो नातुराल’ असेल तर आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. ‘पाद्रे नो कोनोसिदो’ म्हणजे बाप अज्ञात. ‘एक्सपोसितो’ म्हणजे सोडून दिलेलं मूल. आईबापांच्या नावापुढचे ते एक-दोन शब्द म्हणजे ‘इंडिओ’, ‘नातुराल’, ‘मेस्तिझो सांगले’, ‘मेस्तिझो एस्पान्योल’, ‘चिनो क्रिस्तियानो’. मिश्र वंशाचा सगळा पुरावा इथे बसलेला असतो, आणि संगणकावरच्या सूचीत बहुतेक वेळा हेच शब्द उतरवलेले नसतात. सूचीत नाव, तारीख, गाव, आईबाप येतात. म्हणून सूचीचा स्क्रीनशॉट काढून समाधान मानू नका, मूळ पानाचं चित्र उतरवून घ्या.

तारखेचा एक सापळा. आकडा ९ आणि पुढे ‘ब्रे’ दिसलं की आपण सप्टेंबर समजतो. तो नोव्हेंबर आहे. नोव्हेम म्हणजे लॅटिनमधले नऊ. ७ब्रे सप्टेंबर, ८ब्रे ऑक्टोबर, एक्सब्रे डिसेंबर. सूची बनवणाऱ्यांकडूनही इथे चूक होऊ शकते. दोन महिने मागेपुढे शोधलं की हरवलेलं मूल पुष्कळदा सापडतं. आणि ३१ डिसेंबर १८४४ ही तारीख फिलिपिन्समध्ये आलीच नाही. पंचांग आशियातल्या बाकीच्यांशी जुळवायला त्या वर्षी ३० डिसेंबरनंतर थेट १ जानेवारी उजाडला.

आता त्या शब्दांचा अर्थ. ‘इंडिओ’ म्हणजे तिथला स्थानिक माणूस; आईबापांच्या नावापुढचं ‘नातुराल’ही तेच. ‘सांगले’ म्हणजे चिनी, मुख्यतः फुजियानहून आलेले व्यापारी-कारागीर. ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी १५९४ साली मनिलात बिनोंदो वसवलं गेलं. त्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, त्यांची मुलं ‘मेस्तिझो दे सांगले’. हा शिक्का कराचा होता. इंडिओला सर्वात कमी कर, मेस्तिझोला जास्त, सांगलेला त्याहून जास्त. पदवी बापाकडून चालायची. म्हणजे चिनी पणजोबाच्या पुढे तीन पिढ्या स्थानिक बायका आल्या तरी मुलगे कागदावर मेस्तिझोच राहिले. उलट मेस्तिझो घरातल्या लेकीने इंडिओशी लग्न केलं तर तिची मुलं इंडिओ. निम्मं चिनी रक्त असलेलं मूल एका शिक्क्याखाली आणि सोळावा हिस्सा असलेलं दुसऱ्या, असं सहज होतं. खुद्द होसे रिझाल यांचा मूळपुरुष बापाकडून दोमिंगो लाम-को, १६९७ साली बाप्तिस्मा घेतलेला चिनी. पुढे त्याचे वंशज मेस्तिझोंच्या यादीतून इंडिओंच्या यादीत गेले. रक्त तेच होतं, वही बदलली.

तेव्हा पानावर ‘इंडिओ’ दिसलं म्हणून चिनी पूर्वज नव्हता असं ठरवू नका, आणि ‘मेस्तिझो’ दिसलं म्हणून गोरा स्पॅनिश आजोबा कल्पू नका. आज फिलिपिन्समध्ये मेस्तिझो किंवा बोलीतलं ‘तिसोय’ म्हटलं की गोरी, युरोपीय धाटणीची माणसं डोळ्यांपुढे येतात, सिनेमा आणि जाहिरातींतली. एकोणिसाव्या शतकात नुसतं ‘मेस्तिझो’ लिहिलं असेल तर बहुधा चिनी मेस्तिझो असा अर्थ होता. मामा-मावशा आजच्या अर्थाने जुना शब्द वाचतात आणि घरात एक स्पॅनिश पूर्वज जन्माला येतो.

मग रेयेस, गार्सिया ही आडनावं आली कुठून? २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला. लोकांना पक्की आडनावं नव्हती, करवसुलीत गोंधळ व्हायचा. सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापून तिची पानं प्रांतांना आणि गावांना वाटली गेली. चार पिढ्या चालत आलेलं आडनाव असेल त्यांना ते ठेवायची मुभा होती. बाकीच्यांना गावाच्या वाट्याला आलेल्या पानातून. त्यामुळे काही गावांत अख्खी वस्ती एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या आडनावांची झाली. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावचं ‘आर’ हे अक्षर यासाठी प्रसिद्ध आहे.

यावरून एक चाचणी करता येते आणि ती या संकेतस्थळावर झकास होते. तुमच्या आडनावाचं पान १८५० नंतरचं काढा आणि त्याच्या मागची-पुढची वीस पानं बघा. शेजाऱ्यांची आडनावंही त्याच अक्षराने सुरू होत असतील तर तुमचं आडनाव यादीतून मिळालेलं आहे, त्यात रक्ताचा काही पुरावा नाही. आपल्याकडे ‘कर’ लागलेलं आडनाव गाव सांगतं, तसं हे अक्षर गाव सांगतं. मग १८४९ च्या आधीच्या वहीत जा आणि त्याच घरातली माणसं पाळण्यातल्या नावांवरून, बायकोच्या आणि मुलांच्या नावांच्या जोडीने ओळखा. कष्टाचं काम आहे. एका घराला आठवडेही लागतात.

चिनी धागा ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, आडनावाच्या शेवटी ‘को’: कोहुआंगको, युचेंगको, तियोंगको. होक्कियन बोलीत ‘को’ म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडे नावाला ‘राव’ किंवा ‘अण्णा’ चिकटतं तसा मानाचा शब्द, जो पुढे आडनावातच गोठला. दुसरी खूण पाद्रिनोची. चिनी माणूस बाप्तिस्मा घेताना पुष्कळदा धर्मपित्याचंच स्पॅनिश आडनाव उचलायचा. नोंदीत मुलाचा बाप गार्सिया असेल आणि आजोबाच्या, वयात आल्यावर झालेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाद्रिनोही गार्सिया असेल, तर ते आडनाव उसनं आहे. म्हणून आजीला पाद्रिनो विचारायचे आणि प्रत्येक नोंदीतला पाद्रिनो वेगळ्या वहीत लिहून ठेवायचा. आमच्या मते शोधातला हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका रकाना.

आपल्याशी जोडलेला धागाही आहे, पण नाजूक. १७६२ ते १७६४ मनिला इंग्रजांच्या ताब्यात होतं. मद्रासहून नेलेल्या शिपायांपैकी काही जण परतलेच नाहीत, कायंता परिसरात स्थायिक झाले. त्यांचे वंशज आज तिथे आहेत. क्लावेरियाच्या हुकमाच्या ८५ वर्षं आधीची ही गोष्ट, त्यामुळे आडनावावरून तो धागा पकडता येत नाही. घरातली सांगोवांगी आणि १८४९ पूर्वीच्या वह्या याच दोन वाटा. तिथे आजही भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात, शब्द सरळ बॉम्बेवरून. तो चिकटला तो मुख्यतः पंजाबी आणि सिंधी व्यापाऱ्यांना, पाच देऊन सहा घेणाऱ्या सावकारांना. बीडच्या बापाचं लेकरू आजोळी गेलं की त्यालाही तोच शब्द ऐकू येतो. लेकराला हे आधी सांगून ठेवावं.

विसाव्या शतकाचे कागद वाचायला सोपे, पण तिथे वेगळी पोकळी आहे. ओलोंगापो आणि आंखेलेस ही अमेरिकन तळांची गावं. क्लार्क तळ १९९१ च्या नोव्हेंबरात सुटला, सुबिक १९९२ च्या नोव्हेंबरात. तिथे जन्मलेल्या अमेरिकन बापाच्या मुलांच्या दाखल्यावर बापाचा रकाना कोरा असू शकतो. १९८२ च्या अमेरिकन कायद्याने कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड इथल्या अशा मुलांना वाट दिली, फिलिपिन्सला वगळलं. हा अन्याय अजून भरून निघालेला नाही. जपानी बापाच्या मुलांचं थोडं बरं झालं; ४ जून २००८ ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने, आईबापांचं लग्न झालेलं नाही या कारणावरून नागरिकत्व नाकारणं घटनाबाह्य ठरवलं आणि कायदा बदलला. कोऱ्या रकान्यावर फॅमिलीसर्चकडे उत्तर नाही. तिथे डीएनए चाचणीच लागते. अंदाजाने नाव भरू नका.

वह्या नसण्याचंही कारण माहीत असू द्या, नाहीतर माणूस स्वतःच्या शोधाला दोष देतो. फेब्रुवारी १९४५ च्या मनिलाच्या लढाईत इंत्रामुरोस या तटबंदीतल्या जुन्या शहरातली चर्चं पडली, सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं. देशभर एकसारखी सक्तीची नागरी नोंदणी १९३१ ची. त्याआधी मुख्य आधार चर्चच्या वहीचाच.

मराठवाड्याच्या बाजूला हे संकेतस्थळ फिकं आहे. हिंदू तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांचा एक संच आहे, पण तो हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या तीर्थांचा. बापाकडची वंशावळ त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यांकडे आणि तहसीलच्या दफ्तरातच शोधावी. निजामकाळच्या कागदावरच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. दोन्ही बाजू एका झाडात बसवताना सगळ्या तारखा इसवीत लिहा, मूळ सन शेऱ्यात.

झाडाबद्दल दोन सावधगिऱ्या. फॅमिलीसर्चचं झाड सगळ्या जगाचं मिळून एकच आहे. जिवंत माणसं इतरांना दिसत नाहीत, पण मृत व्यक्तीची माहिती कोणीही बदलू शकतं. एकसारख्या नावाचे दोन रेयेस कोणीतरी एक करून टाकतं आणि तुमचा पणजोबा भलत्याच गावात जातो. म्हणून आपल्या पूर्वजांच्या पानावर ‘फॉलो’ दाबून ठेवा, बदलांची सूचना येते. दुसरं, या चर्चमध्ये मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा करण्याचा विधी आहे आणि सदस्यांनी तो आपल्याच नातलगांसाठी करावा असा नियम आहे. बापाकडच्या घरात हे कोणाला रुचणार नसेल तर ती शाखा झाडात न घालता घरच्या वहीत ठेवा. नोंदी शोधायला झाड भरावंच लागतं असं नाही.

कायदेशीर कामाला इथलं चित्र चालत नाही. पासपोर्ट, वारसा, नागरिकत्व यासाठी फिलिपिन्स स्टॅटिस्टिक्स अथॉरिटीची प्रमाणित प्रत आणि त्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा खरेपणाचा शिक्का, लागतं. फिलिपिन्समध्ये अपोस्टिल १४ मे २०१९ पासून लागू आहे, भारत त्या करारात २००५ पासून आहे, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची वेगळी फेरी वाचते. फॅमिलीसर्चवरून नोंदणीचं गाव, तारीख आणि नावाचं नेमकं स्पेलिंग काढून ठेवलं तर ती प्रत मागवताना अर्ज परत येत नाही.

आणि पान सापडल्यावर सूचीत नाव चुकलेलं दिसलं तर बऱ्याच संचांत ते दुरुस्त करायची सोय आहे. नाव निवडा, पानावर ते कुठे लिहिलंय ती जागा दाखवा, बरोबर स्पेलिंग भरा, जपून ठेवा. दोन मिनिटांचं काम. त्याच आजोबाचा दुसरा नातू, कदाचित दुबईत नाहीतर सेबूत बसलेला, उद्या बरोबर नाव घालून शोधेल तेव्हा ते पान त्याच्या पुढ्यात येईल.